बळ आहे, कागदावर नाव नाही

नवरात्र आले की प्रस्थापित वर्तमानपत्रांना दरवर्षी नऊ बायका सापडतात. 'नवदुर्गा' म्हणून त्यांचे फोटो छापले जातात आणि दसऱ्याला सोने लुटून झाले की त्यांचा विसर पडतो. ८ मार्चला हाच प्रकार वेगळ्या नावाने होतो. शहरातून आलेल्या वक्त्या बचत गटाच्या बायकांना सतरंजीवर बसवून सांगतात की तुमच्यात एक सुपरवुमन दडलेली आहे, तिला जागी करा. टाळ्या होतात, गुलाबाचे फूल मिळते, फोटो निघतो आणि बाया घरी जाऊन भाकरी थापायला बसतात.

आम्हाला प्रश्न पडतो तो एवढाच की, जालना जिल्ह्यातली कष्टकरी बाई झोपली कधी होती, म्हणून तिला जागे करायला कोणी यावे? जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांतल्या कोणत्याही वस्तीत जाऊन पाहा. दिवस उजाडायच्या आत पाणी भरून, चूल पेटवून, लेकरांचे आवरून ती रोजाने कापूस वेचायला नाहीतर सोयाबीन सोंगायला गेलेली असते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. तेव्हा टँकरमागे धावली ती हीच बाई. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी आहे. आज जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात. बियाण्याच्या प्लॉटमध्ये एकेक फूल उकलून परागकण लावणारे हात बहुतेक बायकांचेच असतात. पण पाळण्यातले सोने कोणाच्या घरी गेले, हा हिशेब कोणी मांडत नाही.

गेल्या काही वर्षांत जालन्याचे नाव देशभर गाजले. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि सगळे कॅमेरे या जिल्ह्याकडे वळले. पुढे जून २०२४ मध्ये त्याच परिसरात वडीगोद्री येथे ओबीसींच्या बाजूने उपोषण झाले. आरक्षणाच्या प्रश्नावर या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु त्या सगळ्या गदारोळात माइक कोणाच्या हाती होता? पुरुषांच्या. लाठीमारात बायकांची डोकी फुटली, उपोषणाच्या मांडवात बायका बसल्या, गावोगावच्या भाकरी बायकांनी भाजल्या. मागण्यांच्या यादीत मात्र शेतमजूर बाईची मजुरी, तिची जमीन, तिचे आरोग्य यांपैकी एकही शब्द ठळकपणे आला नाही. जात कोणतीही असो, बाईचे बळ वापरायचे आणि बाईचे नाव वगळायचे, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे.

देवी करणे हा त्याच रीतीचा भाग आहे. ज्या संस्कृतीने बाईला लक्ष्मी, सरस्वती, दुर्गा म्हटले, त्याच संस्कृतीने मनुस्मृतीत तिला बाप, नवरा आणि मुलगा यांच्या ताब्यात ठेवले. या दोन गोष्टींत विरोध नाही. देवीला मखरात बसवता येते, तिला मजुरी द्यावी लागत नाही. देवी वाटणी मागत नाही, ग्रामसभेत प्रश्न विचारत नाही, पोलीस ठाण्यात फिर्याद देत नाही. म्हणून देवी सगळ्यांना सोयीची वाटते. 'सुपरवुमन' हा तिचाच नवा अवतार आहे. बाई सगळे एकटीने निभावून नेते असे एकदा ठरले की शासनाची, मालकाची, नवऱ्याची आणि समाजाची जबाबदारी आपोआप संपते.

याचे ताजे उदाहरण म्हणजे आशा आणि अंगणवाडीच्या भगिनी. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा थाळ्या वाजल्या, फुले उधळली गेली. खेडोपाडी घरोघर फिरून कोणाला ताप आहे, कोण मुंबई-पुण्याहून आले, याची नोंद करणारी आशा होती. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि मग? ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले. दिलेला शब्द कागदावर येईना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप करावा लागला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. आशाला शासन 'स्वयंसेविका' म्हणते आणि अंगणवाडी सेविकेला 'मानसेवी'. दोघींना मिळते ते वेतन नसून मानधन असते. मान तर दूरच, धनही वेळेवर नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. कोणत्याही देवीने हा हक्क दिला नाही. तो संघटनेने आणि कायद्याने मिळाला.

इथेच आमचा मुख्य मुद्दा आहे. सामान्य बाईत असामान्य ताकद आहे हे आम्हाला मान्य आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण ही ताकद कुठून आली, याचे उत्तर अंतर्मनात शोधून सापडणार नाही. ते इतिहासात सापडेल.

क्रांतिबा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सात वर्षांनी, १८५५ साली, त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजाच्या कोवळ्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आम्हाला धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. जालन्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषी ढोंगाची लक्तरे काढली. त्यांचे घर सत्यशोधक विचाराचे होते. म्हणजे अगोदर शाळा आली, विचार आला आणि मग वाचा फुटली.

बाबासाहेबांनी हेच सूत्र पुढे नेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर त्यांनी बायकांशी वेगळे बोलून त्यांना राहणीमान बदलण्याचे आणि मुलींना शिकवण्याचे आवाहन केले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बायका तुरुंगात गेल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुमारे पंचवीस हजार बायका आल्या होत्या. त्या काही पदवीधर नव्हत्या. गिरणीत, विडी कारखान्यात, शेतात राबणाऱ्या होत्या. त्यांनी आरती केली नाही, ठराव केले. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायकांना रजा आणि कायदेमंडळात प्रतिनिधित्व अशा त्या मागण्या होत्या. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य गेले, पण गावगाडा तसाच राहिला. १९५३ साली मराठवाड्यात पडीक सरकारी जमिनीसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने सत्याग्रह केला. पुढे १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि लाखो लोकांनी तुरुंग भरले. कडेवर लेकरू घेऊन तुरुंगात गेलेल्या बायका त्यात होत्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवण्यात आल्या. जळालेल्या घरांवर पुन्हा पत्रे चढवले, राखेतून भांडी वेचली, कोर्टात साक्षी दिल्या त्या आमच्या आया-बहिणींनी. नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च पोलिसांनी खडकपूर्णा नदीच्या पुलावर अडवून लाठीमार केला. तिथून जालना फार दूर नाही. त्या लाठ्या खाणाऱ्यांत बायकाही होत्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोपर्यंतच्या सोळा वर्षांत किती जणींनी काय सोसले, त्याची नोंद आजही पुरती झालेली नाही.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की, ज्या ज्या वेळी सामान्य बाई उभी राहिली, त्या त्या वेळी तिच्या मागे शाळा, संघटना किंवा कायदा यांपैकी काहीतरी होते. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या क्रमात कुठेही चमत्कार नाही. आता याच कसोटीवर आजचा जालना जिल्हा तपासून पाहू.

पहिला प्रश्न जमिनीचा. मराठवाड्यात गायरान कसणारी कुटुंबे प्रामुख्याने दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांची आहेत. खडक फोडून, दगड वेचून ती जमीन पिकाऊ करण्यात अर्धी मेहनत बाईची आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. पण त्यासाठी पुरावा लागतो. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीतली नोंद, दंडाची पावती, पंचनामा असे कागद लागतात. गावच्या पाटलाने धमकावले, तलाठ्याने नोंद घेतली नाही, तर पुरावा येणार कुठून? आणि जिथे नोंद झाली तिथे नाव पुरुषाचे. नवरा मेला किंवा सोडून गेला की तीस वर्षे जमीन कसणारी बाई एका दिवसात परकी होते.

जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात नमूद आहे. हा अपवाद अधिकाऱ्यांना आठवत नाही, आदेश तेवढा आठवतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे हटवण्याची मुदत घालून दिली, तेव्हा राज्यात दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे शासनानेच सांगितले होते. नोटिसा निघाल्या आणि गोरगरिबांच्या पोटात गोळा आला. त्या वेळी मोर्च्यात सर्वांत पुढे बायका होत्या. ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही, त्या जमीन वाचवायला रस्त्यावर आल्या.

२००४ पासून राज्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ही योजना आहे. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त यांना प्राधान्य आहे. २०१८ पासून जमिनीची पूर्ण किंमत अनुदान म्हणून देण्याचा निर्णय झाला. कागदावर यापेक्षा चांगली योजना सापडणे कठीण. पण शासनाच्या दरात जमीन विकायला कोणी तयार होत नाही, आणि आपल्या बांधाला बौद्धाची विधवा नको, हेही अनेक गावांतले उघड गुपित आहे. जालन्यात या योजनेखाली किती परित्यक्तांच्या नावावर सातबारा झाला, हा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारण्याचे काम चळवळीचे आहे.

दुसरा प्रश्न कोयत्याचा. दिवाळी झाली की मराठवाड्यातून, त्यात जालना जिल्ह्यातूनही, ऊसतोडीसाठी बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक निघतात. ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल मुकादमाकडून घेतो नवरा. अंगठा त्याचा, नाव त्याचे. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावर वाहून गाडी भरणे यात बाई बरोबरीने असते, वर स्वयंपाक आणि लेकरे तिचीच. तरी ती कोयत्याचा बिननावाचा अर्धा भाग असते. जोडी असल्याशिवाय कोयता होत नाही, म्हणून पोरीचे लग्न लवकर उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर तरुणींपैकी सुमारे २२ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. जालन्यात हे प्रमाण राज्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खाडा झाला तर दंड, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही, फडात संडास नाही, पाणी नाही. अशा बाईला 'तुझ्यातली शक्ती ओळख' म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. मजुरीचा करार तिच्या नावाने व्हावा आणि तिच्या वाट्याची रक्कम तिच्या खात्यावर जमा व्हावी, ही तिची खरी गरज आहे.

तिसरा प्रश्न सत्तेचा. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. आमच्या भगिनी सरपंच झाल्या. पण खुर्चीवर बसतो सरपंचाचा नवरा, नाहीतर शिक्का ठेवतो गावचा पुढारी. ज्या बाईने शिक्का स्वतःच्या पिशवीत ठेवला, तिच्यावर अविश्वास आणण्याची खटपट सुरू होते. म्हणूनच महिलांसाठी राखीव पदावरील महिला सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश बहुमताशिवाय ठराव मंजूर होत नाही, असे संरक्षण कायद्यात घातलेले आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. किती गावांत ती खरोखर भरते आणि किती गावांत इतिवृत्त घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, हे वाचकांनी आपापल्या गावात तपासावे.

कोणी म्हणेल, बाईत धमक असेल तर ती हे सगळे मिळवील. त्यांनी खैरलांजी आठवावी. सुरेखा भोतमांगे या धमक असलेल्या माऊली होत्या. जमीन कसत होत्या, लेकरांना शिकवत होत्या, गावासमोर मान तुकवत नव्हत्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यांना, त्यांच्या मुलीला आणि दोन मुलांना ठार मारण्यात आले. त्यांच्या अंगी धैर्य कमी होते काय? कमी पडले ते पोलीस ठाणे, कमी पडले ते प्रशासन. एवढे होऊनही न्यायालयात ॲट्रॉसिटीचा कायदा टिकला नाही. म्हणून एकट्या बाईच्या शौर्याचे गोडवे गाणाऱ्यांची आम्हाला भीती वाटते. ते तिला एकटीलाच पुढे पाठवतात.

कायदा मात्र हाताशी आहे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. दलित-आदिवासींच्या जमिनीचा कब्जा हिसकावणे हा त्याखाली गुन्हा आहे. पीडित आणि साक्षीदारांचे हक्क त्यात स्वतंत्रपणे लिहिले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झालीच पाहिजे. या बैठकीत जालन्याच्या बाईची फिर्याद वाचली जाते की चहा पिऊन उठतात, यावर आमच्या कार्यकर्त्यांचे लक्ष हवे.

आता थोडे घरातले. २०२४ साली शासनाने 'लाडकी बहीण' योजना काढून महिन्याला दीड हजार रुपये बायकांच्या खात्यावर टाकायला सुरुवात केली. गरीब बाईच्या हातात पैसा आला याचा आम्हाला आनंदच आहे. पण बहीण लाडकी कधीपर्यंत? वाटणीचे नाव काढेपर्यंत. बापाच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्याने मान्य केले. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही बाप वारला की बहिणीला साडी-चोळी देऊन तहसीलमध्ये हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ही रीत बौद्धवाड्यातही आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बहिणीच्या वाटणीसाठी मंत्रिपद सोडणाऱ्या महामानवाचा फोटो भिंतीवर लावायचा आणि त्याच भिंतीखाली बसून बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची, हे कोणत्या आंबेडकरवादात बसते?

जयंतीची वर्गणी गोळा करण्यात, मिरवणुकीत, धम्म परिषदेच्या भोजनदानात बाया पुढे. मंचावर खुर्च्या मांडल्या की पंचवीस पुरुष आणि कडेला एक भगिनी, तीही स्वागतगीतापुरती. चळवळीच्या नेत्यांनी हे चित्र बदलले पाहिजे. ज्या बाईने गायरान राखले, संप लढवला, अविश्वास परतवून लावला, ती प्रमुख वक्ता म्हणून बोलली पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात चळवळीने चार याद्या कराव्यात. गायरान कसणाऱ्या एकल बायकांची, सबळीकरण योजनेत अर्ज पडून असलेल्या बायकांची, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची आणि घरच्या जमिनीत नाव न लागलेल्या बहिणींची. प्रत्येक यादी घेऊन तलाठी, तहसीलदार, समाजकल्याण आणि जिल्हाधिकारी यांच्या दारात जावे, पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा जावे. चौथ्या यादीची सुरुवात कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरापासून करावी. येत्या १४ एप्रिलला सत्काराची शाल द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण सोबत तिच्या नावाचा सातबारा असावा. भोकरदन-मंठ्याच्या बाईने दगड फोडून जमीन केली आहे. तिच्या बळाची परीक्षा कधीच झाली. आता तिचे नाव लिहिण्याची पाळी आपली आहे.